पिवळी झाक

निवृत्त माणसाने काय करावं आणि कशाला हात लावू नये, याचा एक जीआर सरकारने काढायला हवा. 'सकाळी फिरावयास जावे, नातवंडे असल्यास सांभाळावीत, संगणकावरील फोटोंच्या वाटेस जाऊ नये,' असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं, तर मी ते निमूटपणे पाळलं असतं. पस्तीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली आहेत. जीआर मोडणं माझ्या स्वभावात नाही. पण तसा काही निघाला नाही आणि मी फोटोंच्या वाटेस गेलो. पुढे जे झालं ते सांगताना मला लाज वाटते. तरी सांगतोय, कारण नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत या प्रकरणाच्या तीन आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीत मी प्यालेलो होतो असं आहे.

सुरुवात समोरच्या फ्लॅटमधल्या सत्यजीतने केली. तो ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत आहे. माझा लॅपटॉप दुरुस्त करता करता त्याने त्यात फोटो सुधारायचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. म्हणाला, काका, फुकट आहे, तुमचा वेळ जाईल. एखादी गोष्ट फुकट असून शिवाय तिच्यात वेळही जात असेल, तर तिला नाही म्हणणारा पेन्शनर मी तरी पाहिलेला नाही. मुलाचा जुना कॅमेरा कपाटात पडलेला होताच.

मग मी यूट्यूबवर एक गुरू धरला. हा गुरू हिंदीत बोलायचा आणि दर दोन वाक्यांनंतर 'दोस्तों' म्हणायचा, पण शिकवायचा मन लावून. त्याने मला सांगितलं की प्रत्येक फोटोचा एक आलेख असतो. डोंगरासारखा. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. डोंगर एका बाजूला कलंडलेला असला की फोटो बिघडला म्हणून समजायचं, आणि रेषा धरून ओढून तो सरळ करायचा. त्याचं एक वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, आलेखावर ठेवा, डोळा फसतो, आलेख फसत नाही. समोर उभ्या माणसापेक्षा त्याच्या अर्जावर विश्वास ठेवण्यात माझी हयात गेली होती. मला हे तत्त्वज्ञान फारच पटलं.

पहिली सार्वजनिक सेवा मी पार्किंगमधल्या गळतीची केली. सेक्रेटरी कुमुदताईंनी बिल्डरकडे पाठवायला भिंतीच्या ओलीचा फोटो काढून मागितला. मी काढला आणि घरी आणून त्याचा डोंगर सरळ केला. काळोख उजळला, भिंत कशी लख्ख दिसायला लागली. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला, वर शेरा होता: 'सोबतच्या छायाचित्रात ओल आढळून येत नाही.' कुमुदताई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र त्यातून एवढाच निष्कर्ष काढला की माझं काम अपेक्षेपेक्षा चांगलं झालं होतं.

पण पुढच्याच सत्यनारायणाला त्यांनी उट्टं काढलं. मी काढलेले पूजेचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, तर त्यांनी खाली लिहिलं, "सगळ्यांना कावीळ झाली आहे का?" तेवीस जणांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे बल्ब बदला, कुणी म्हणे कॅमेरा बदला, पहिल्या मजल्यावरच्या तुळशीरामजींनी तर मलाच मोतीबिंदू तपासून घ्यायला सांगितलं. हे मला फार लागलं. मी गुरूंकडे धावलो. त्यांनी सांगितलं की या दोषाला पिवळी झाक म्हणतात, आणि निळ्या रंगाची रेषा वर ओढली की पिवळा उतरतो. आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. घरात दिसेल त्याचा पिवळा उतरवला. आंबे उतरवले, वरण उतरवलं, बायकोच्या, आशालताच्या, बांगड्या चांदीच्या करून दाखवल्या. तिने त्या फोटोकडे पाहिलं आणि भाजी निवडायला निघून गेली.

अशा मनःस्थितीत मला हौसाबाईंचं आमंत्रण आलं.

हौसाबाई आमच्याकडे अठरा वर्षं मासळी देतात. उलव्याजवळच्या गव्हाण गावच्या. पहाटे मोरा बंदराच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि दहाच्या आत आमच्या दारात पाटी उतरवायची. आम्हाला ताजं कुठलं आणि बर्फातलं कुठलं हे त्याच सांगणार आणि आम्ही ऐकणार. नवरा बळीराम बावीस वर्षांपूर्वी गेला, मग मुलगा आणि सूनही गेली, आणि मागे राहिलेली नात मनिषा त्यांनी एकटीने वाढवली. त्या मनिषाचं लग्न ठरलं होतं. लग्नाचा फोटोग्राफर मुलाकडचे आणणार होते, पण हळदीला कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी या कॅमेरा घेवन. तुमचा हात चांगला हाय." एवढं प्रशस्तिपत्र मला पस्तीस वर्षांत एकाही साहेबाने दिलं नव्हतं.

पत्रिकेत हळदीची वेळ चार लिहिली होती. मी पावणेचारला गव्हाणला हजर झालो. आगरी माणसाच्या पत्रिकेतले चार म्हणजे रात्रीचे आठ, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मांडवात डीजेवाला वायरी सोडवत बसला होता आणि मांडवाबाहेर एक बोकड बांधलेला होता. आम्ही तिघेच वेळेवर होतो. मला मागच्या पडवीत नेऊन बसवलं. तिथे घरच्या चार बायका हळद कालवत होत्या, आणि मनिषा पिवळं नेसून पाटावर बसली होती. त्यानंतर जे घडलं ते पत्रिकेत नव्हतं.

मनिषाने आजीचा हात धरला आणि म्हणाली की पहिली हळद तू लाव. हौसाबाई मागे सरकल्या. विधवेचा हात हळदीला चालत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं त्या प्रत्येक हळदीत मागच्या भिंतीला टेकून बसत आल्या होत्या. त्या नको नको म्हणत राहिल्या. तेव्हा पोरगी म्हणाली,

"तुज्याच हातानं मना मोठी केलीस ना? मंग हलदीलाच काय झाला त्या हाताला?"

हौसाबाईंनी दोन बोटं वाटीत बुडवली आणि नातीच्या गालाला लावली. लगेच मनिषाने दोन्ही तळवे हळदीत बुडवून आजीच्या गालांवर ठेवले, चांगले दाबून ठेवले. म्हातारी रडत होती आणि हसत होती, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळीधमक झाली होती. साऱ्या बायकांचे हात हळदीने भरलेले, त्यामुळे कुणालाच मोबाइल धरता येईना. कॅमेरा फक्त माझ्या हातात होता. मी बटण दाबलं. आयुष्यात मी काढलेला तो एकच चांगला फोटो.

त्यानंतर मासळी घेऊन आल्या की हौसाबाईंचा प्रश्न ठरलेला. "भाऊ, बाकीचं र्‍हाऊद्या. त्यो एक द्या मना." मी म्हणायचो, काम चालू आहे. चालूच होतं. दोनशे बारा फोटो होते आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा फोटोंना पिवळी झाक. आलेख तर असा कलंडलेला की गुरूंनीही असा पाहिला नसेल. मी निळी रेषा वर ओढली, थोडी लाल सावरली, आणि तीच आज्ञा सगळ्या फोटोंना एकदम लावली. डोंगर सरळ उभे राहिले. मला धन्य वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, अहो शहाणे, हळदीच्या फोटोतला पिवळा काढताना तुम्हाला काही दिसलं नाही? नाही दिसलं. मी फोटो बघतच नव्हतो, मी आलेख बघत होतो. आशालताने जाता जाता विचारलं, "ही मंडळी आंघोळ करून बसलीत का? आणि मनिषाने लग्नाआधी पांढरं का नेसलंय?" मी तिला सांगितलं की तो मोतिया आहे आणि तिला व्हाइट बॅलन्स कळत नाही. असं मी बोललो. तिला आजही ते शब्दशः पाठ आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं, पण कचेरीची सवय आडवी आली. दुरुस्त प्रत तयार झाली की कच्चा मसुदा फाडून टाकायचा, म्हणजे एका विषयावर दोन कागद राहून घोळ होत नाही, हा आमच्या विभागाचा धर्म. म्हणून मी दुरुस्त फोटो जुन्या फोटोंवरच जतन केले आणि कॅमेऱ्याचं कार्डही पुसून स्वच्छ केलं. मग आजी-नातीचा फोटो घेऊन पनवेलला प्रांजलच्या लॅबमध्ये गेलो आणि मोठा करून फ्रेम करायला दिला. तिने बराच वेळ पडद्याकडे बघून विचारलं की काका, कार्यक्रम कसला होता. मी हळदीचा म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि फ्रेम कुठली हवी ते विचारलं. व्यवहारी मुलगी आहे.

लग्नानंतर मनिषा पहिल्यांदा माहेरी आली त्या दिवशी आम्ही दोघं फ्रेम घेऊन गव्हाणला गेलो. ओटीवर भावकीतल्या बायका जमल्या होत्या. खुर्चीत हौसाबाईंचे दीर बुधाजी बसले होते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मी कागद सोडला आणि फ्रेम हौसाबाईंच्या मांडीवर ठेवली. आणि त्या क्षणी, आलेख समोर नसल्यामुळे, मला फोटो दिसला.

फोटोत एक म्हातारी रडत होती. तिचे गाल कोरडे, राखाडी, स्वच्छ होते. त्यांवर पांढऱ्या साडीतल्या एका मुलीचे दोन स्वच्छ तळवे होते. हळद नव्हती. कुणी तरी गेल्याच्या दिवशीचा फोटो असावा, तसा तो दिसत होता. हौसाबाईंनी काचेवरून बोट फिरवलं, एका गालावरून, मग दुसऱ्या. मला वाटलं आता त्या विचारणार, हळद कुठे गेली, आणि मी सांगणार. पण त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या,

"बरा केलात, भाऊ. मना पन वाटत होता, जरा जास्तीच झाला त्या दिवशी. तुमी शिकलेली मानसा. तुमाला नाय बरा दिसला, तुमी पुसून टाकलात."

बुधाजींनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाला रीत समजते, असं ते बायकांकडे बघून म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मनिषा माझ्याकडे बघत होती. तशा नजरेने माझ्याकडे कुणी कधी बघू नये.

इथे मी बोलायला हवं होतं. 'हौसाबाई, मी काही पुसलं नाही, मी मूर्ख आहे,' एवढंच म्हणायचं होतं. सगळं वाक्य तोंडात तयार होतं. पण समोर दहा बायका, बुधाजींसारखा माणूस मला शहाणा म्हणतोय, आणि खरं सांगायचं तर निळ्या रेषेपासून सगळं सांगावं लागणार. मी चहा प्यालो. बशीतलं बिस्किटही खाल्लं. एका बाईची बावीस वर्षांनी लागलेली हळद माझ्या नावावर पुसली गेली आणि मी बिस्किट खाल्लं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आशालताला सांगायची गरज नव्हती, ती शेजारीच होती. उलव्यापाशी रिक्षात ती एवढंच म्हणाली की तुम्ही गप्प बसलात.

दुसऱ्या दिवसापासून मी धावपळ केली, भित्रे लोक नंतर करतात तशी. निळी रेषा खाली ओढून पाहिली, तर भिंत पिवळी झाली, बोकड पिवळा झाला, गाल तसेच राहिले. सत्यजीत म्हणाला, काका, मूळ फोटोवरच जतन केलंत तर आता देवही काही करू शकत नाही, पण कार्डवरून निघतं का बघा. एका दुकानात हरवलेले फोटो परत काढून देतात असं कळलं. तिथे काउंटरवरच्या माणसाने मला फॉर्म दिला. आधार कार्डाची प्रत, कार्ड माझंच असल्याचा पुरावा, आणि फोटोंत दिसणाऱ्या व्यक्तींची हरकत नसल्याचं पत्र. दोनशे बारा फोटोंत अर्धं गव्हाण होतं. मी म्हणालो, एवढ्या सह्या कुठून आणू? तो म्हणाला, नियम आहे. पस्तीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवलं होतं. ते ऐकताना कसं वाटतं ते तेव्हा कळलं. शेवटी त्याने दया येऊन पत्राविनाच कार्ड तपासलं. त्यात पार्किंगच्या भिंतीचे सहा फोटो निघाले. ओल अगदी स्पष्ट दिसत होती.

शुक्रवारी हौसाबाई मांदेली घेऊन आल्या. मी दार आशालताला उघडायला लावलं आणि आत लपलो, हेही सांगून टाकतो. पण बोलणं ऐकू येत होतं. येत्या रविवारी बुधाजींच्या नातवाची, प्रणितची हळद ठरली होती. आशालताने विचारलं, तुम्ही लावणार ना हळद? त्या म्हणाल्या, "नाय वहिनी. मी आपली मागं बसन. एकदा चुकला, आता परत नाय." आणि मांदेली मोजता मोजता म्हणाल्या की मनिषाला वाईट वाटतंय, पण पोरीला काय कळतं, भाऊंसारख्या माणसाला जे दिसलं ते खरं.

मी आतल्या खोलीत पलंगावर बसलो होतो. मला रडू आलं. रागही आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, कारण खोलीत मी एकटाच होतो.

रविवारी मी कॅमेऱ्याच्या पिशवीत लॅपटॉपही घातला आणि गव्हाणला गेलो. या खेपेस साडेसातला पोचलो. मांडव भरला होता, पिवळ्या साड्यांनी आणि पिवळ्या कुडत्यांनी. हौसाबाई मागे भिंतीशी बसल्या होत्या. प्रणित पाटावर बसला होता. मी बुधाजींना गाठलं आणि म्हटलं, दोन मिनिटं डीजे बंद करायला सांगा, मला बोलायचं आहे. आशीर्वादपर भाषण असेल असं समजून त्यांनी माइकच माझ्या हातात दिला. तो मला नको होता, पण परत कसा देणार.

मी सांगितलं. हौसाबाईंच्या गालांवरची हळद मी मुद्दाम पुसली नाही. मला ती नको दिसली असं नाही, मला ती दिसलीच नाही. मी फोटोतला पिवळा रंग हा बिघाड समजलो. माइकमधून हे वाक्य मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत गेलं. बुधाजी म्हणाले की पाव्हणे, तुम्ही आता तिचं मन राखायला बोलताय, शिकलेला माणूस हळदीच्या फोटोतून हळद काढून टाकेल एवढा येडा नसतो. म्हणजे माझा वेडेपणा सिद्ध करणं आता माझ्यावर आलं. मी लॅपटॉप उघडला आणि केळी-नारळांच्या टेबलावर ठेवला.

लोक जमले. मी एकेक फोटो पुढे ढकलत गेलो. मनिषा पांढऱ्या साडीत. तिच्या मावश्या पांढऱ्या साड्यांत. हळदीची परात, तिच्यात चुना कालवल्यासारखा. झेंडूची तोरणं राखाडी. बुधाजी स्वतः, त्या रात्री हळद खेळून नाचताना, पांढरेफटक आणि स्वच्छ. दोनशे बारा. दहाव्या फोटोला कुणी तरी फिसकन हसलं, विसाव्याला बायकांनी तोंडाला पदर लावले, पन्नासाव्याला डीजेवाला पोट धरून खाली बसला. "हा काय, आख्ख्या गावाचा दहावा काय?" असं एक म्हातारी म्हणाली आणि मांडव कोसळायचा बाकी राहिला. माझे कान तापले होते. मी फोटो पुढे ढकलत राहिलो, कारण मागच्या भिंतीशी हौसाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि लोकांच्या मानांमधून बघत होत्या.

त्या पुढे आल्या. बुधाजींच्या फोटोकडे पाहिलं, मग बुधाजींकडे पाहिलं. मग मला विचारलं,

"म्हंजी, माजीच नाय? सगल्यांचीच काडलीत?"

"सगळ्यांचीच," मी म्हणालो. "हौसाबाई, माझं चुकलं. त्या दिवशी ओटीवर बोललो नाही, ते तर फारच चुकलं."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मनिषा कुठून तरी हळदीची वाटी घेऊन आली आणि आजीसमोर धरली. मांडवातलं हसू थांबलं. बुधाजींनी आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला, पण अख्ख्या गावासमोर इतका वेळ हसल्यावर माणसाला एकदम रीत सांगता येत नाही. ते बाजूला सरकले. हौसाबाईंनी बोटं बुडवली आणि प्रणितच्या पाटाकडे निघाल्या. बायकांनी वाट केली. त्यांनी त्याच्या दोन्ही गालांना हळद लावली, आणि प्रणितने हात वर करून त्यांच्या गालाला लावली.

माझा हात सवयीने पिशवीत गेला. कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी आमच्या दारात पाटी उतरवताना बघतात तसं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी जेवून घ्या."

मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि जेवायला जाऊन बसलो. मागे मांडवात पंधरा-वीस मोबाइल वर झालेले दिसत होते.